लाल पट्टीचं पातं

सोनखेडी, ता. धरणगाव
१२ सप्टेंबर २०२५

ती. रतिलाल मामांस,
सा. नमस्कार.

खोकं पोचलं. धुळ्याच्या गाडीच्या कंडक्टरने ते माझ्या हातात देताना विचारलं, "ताई, आत काही जिवंत आहे का?" धुळ्यापासून आत काहीतरी खडखडत होतं म्हणे. ते तुमचे स्क्रू होते. डबीचं झाकण नीट लावत जा.

पत्र लिहिते, कारण फोनचा काही उपयोग नाही. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही ओरडता आणि तुम्ही ओरडता म्हणून आमची अख्खी गल्ली ऐकते. मागे तुम्ही "हेलिकॉप्टर पाठवतोय" असं ओरडलात, तेव्हापासून इथल्या बायका मला पायलटीणबाई म्हणतात.

त्या म्हणतात ते चिडवायला. आमच्या बचत गटाला कपाशीवर फवारणी करायचं ड्रोन मिळणार आहे आणि गटातल्या एकीलाच ते उडवायचं शिकायला पाठवणार आहेत, हे तुम्हाला मामींनी सांगितलंच असेल. उन्हाळ्यात ड्रोन देणाऱ्या संस्थेच्या लोकांनी ते दाखवायला आणलं तेव्हा मी हौसेने रिमोट हातात घेतला. ड्रोन माझ्याकडे यायला लागलं आणि माझी बोटं जागच्या जागी थिजली. त्या माणसाने रिमोट हिसकावून घेतला म्हणून बरं. सगळ्यांनी पाहिलं. तुमच्या जावयांनी, समाधानरावांनी, घरी विषय काढला नाही, पण सासूबाई दोनच शब्द बोलल्या, "पडनं तं?" त्यांना मी जायला नकोच आहे.

मामा, मला जायचंय. कॉलेजचं शेवटचं वर्ष टाकून मी या घरात आले, त्यानंतर मला स्वतःसाठी हवीशी वाटलेली ही पहिलीच गोष्ट आहे. नोव्हेंबरच्या शेवटी संस्थेचे साहेब येऊन निवड करणार. तुम्ही म्हणालात, आधी रिमोटवरचं छोटं हेलिकॉप्टर शिक, ते ज्याला जमलं त्याला ड्रोन म्हणजे खेळ. म्हणून ते मागवलं.

आता मुद्द्याचं विचारते. खोक्यात वरच्या पंख्याच्या पात्यांच्या तीन जोड्या आहेत. पांढरी प्लॅस्टिकची, लाकडाची आणि काळी कार्बनची. मला काळी आवडली. दिसायला झोकदार आणि वाकवली तरी वाकत नाहीत. लाकडाची तर लाटण्याच्या जातीची वाटतात. काळीच लावू ना?

तुमची,
दिपमाला


देवपूर, धुळे
१८ सप्टेंबर २०२५

चि. दिपमालास अनेक आशीर्वाद.

काळी लावू नकोस. लावली असशील तर हे पत्र बाजूला ठेव, आधी ती काढ आणि मग पुढे वाच.

काढलीस? आता ऐक. नवशिक्याचं हेलिकॉप्टर पडतंच. तू पडणार नाहीस असं मनात धरून पाती निवडलीस तर फसलीस. जमिनीला पातं लागलं की तो दणका कुठेतरी जाणारच. कार्बनचं पातं स्वतः मोडत नाही, म्हणून ते दणका आत पाठवतं. मग दांडा वाकतो, चाकाचे दात जातात, शेपटी तुटते. लाकडाचं पातं कडकन मोडतं आणि दणका तिथेच संपतो. नवं पातं लावायचं, कामाला लागायचं.

मग प्लॅस्टिक का नको, असं विचारशील. ते मोडत नाही हे खरं, पण फार लवलवतं. आपल्याकडच्या उन्हात तर आणखी मऊ पडतं आणि खाली झुकून स्वतःच्याच शेपटीला लागतं. लाकडाचं जरा जड असतं, त्यामुळे यंत्र सावकाश वागतं. तुला सध्या सावकाशच हवंय.

खाली पायांना काड्यांची फुली बांध. विलायतेत त्यासाठी खास काड्या विकत घेतात, तू गेल्या वर्षीच्या कपाशीची वाळलेली पऱ्हाटी घे. चार टोकांना प्लॅस्टिकचे चेंडू खोच, म्हणजे यंत्र कलंडणार नाही. पहिले काही दिवस वीतभरच्या वर उचलायचं नाही.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. आणि काळी पाती मला परत पाठव. तुझ्याजवळ ठेवलीस तर तुला मोह होईल.

तुझा,
रतिलाल मामा

ता. क. डबीचं झाकण मी नीटच लावलं होतं.


सोनखेडी
१ ऑक्टोबर २०२५

ती. मामांस सा. न.

काळी पाती परत पाठवते आहे. ओरखडासुद्धा नाही त्यांच्यावर. बाकी सगळ्याची वाट लागली.

तुमचं पत्र आलं तेव्हा ती लावलेली होती आणि मी तुमचं न ऐकता पुढे वाचलं. म्हटलं, एकदाच बघू. घरामागच्या वावरात मूग निघून गेलाय, तिथे नेलं. गुडघ्याएवढं वर आलं, मग तोंड फिरवून माझ्याकडेच निघालं आणि माझं पुन्हा तेच झालं. बोटं हलेचनात. भीतीने एकदम सगळं बंद केलं, तर खाली आपटलं. मधला दांडा केळ्यासारखा वाकलाय आणि मोठ्या चाकाचे दात गेलेत. शेपटी तेवढी वाचली, बाकी तुम्ही जे जे लिहिलं होतं ते ते त्याच क्रमाने झालं.

सासूबाई कुंपणाशी उभ्या राहून पाहत होत्या. बोलल्या काही नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पण मामा, एक विचारू? इतका मार खाऊनही माझ्या डोक्यात तेच फिरतंय. दोन पाती एकाच दांड्यावर, एकाच वेगाने फिरतात, तर यंत्र पुढे कसं जातं? ड्रोनला चार पंखे असतात, ते कमीजास्त वेगाने फिरवले की ते कलतं, हे मला कळलं. इथे तर एकच पंखा. भाकरी थापतानासुद्धा मी त्याचाच विचार करते आणि भाकरी करपते.

तुमची,
दिपमाला


देवपूर, धुळे
८ ऑक्टोबर २०२५

चि. दिपमालास आशीर्वाद.

दांडा, चाक आणि लाकडी पात्यांच्या तीन जोड्या पाठवतोय. पुण्याहून मागवल्या, तुझी मामी तेव्हापासून माझ्याशी तुटक बोलते आहे.

तुझ्या प्रश्नाने मला इतका आनंद झाला की रागवायचं राहूनच गेलं. वेग एकच असतो, पण फिरता फिरता पातं आपला कल बदलतं. मागच्या बाजूने जाताना जास्त कलतं आणि जास्त हवा खाली ढकलतं, पुढे आलं की कमी. म्हणून यंत्राची मागची बाजू उचलली जाते आणि ते पुढे सरकतं. दर फेऱ्यात दोन्ही पात्यांनी हे करायचं. मोटर बंद ठेवून रिमोटवरची काठी पुढे ढकल आणि पंखा हाताने हळूच फिरवून बघ, डोळ्यांना दिसेल.

आता पात्यांविषयी. त्यांच्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण फुगलं होतं, ते मी सोलून काढलं आणि लाकूड घासून गुळगुळीत केलं. जोडीतली दोन पाती वजनाला सारखी लागतात. बुडाशी एकाच बोल्टने जोड आणि तराजूच्या दांडीसारखी टांग. जे वर जाईल ते हलकं. मी प्रत्येक जोडीतल्या हलक्या पात्याच्या टोकाला लाल चिकटपट्टी गुंडाळून वजन जुळवलंय. रंग लाल अशासाठी, की फिरताना कोणतं पातं वरून चाललंय ते तुला ओळखू यावं.

दर उडवण्याआधी टांगून बघायचं. वजन सारखं नसेल तर यंत्र थरथरतं आणि थरथरणारं यंत्र शहाण्यालाही भित्रं करतं. तू काही भित्री नाहीस, घाई करतेस एवढंच.

तुझा,
रतिलाल मामा


सोनखेडी
१९ ऑक्टोबर २०२५

ती. मामांस सा. न.

उडालं! वीतभरच, पण माझ्या मनाने उडालं आणि माझ्या मनाने खाली बसलं. मी वावरात एकटीच मोठ्याने हसले. बांधावरच्या गाईने मान वर करून पाहिलं. दोन दिवस असं उडवलं आणि बोटांना कळायला लागलं की घाबरायच्या आधी थोडा वेळ असतो, त्या वेळात काहीतरी करता येतं.

आणि मग विचित्र सुरू झालं.

पाती काढून ठेवायची, ती मी ओट्यावरच्या कोठीवर ठेवते. संध्याकाळी टांगून बघते, दांडी अगदी सरळ. सकाळी उठून टांगते, तर लाल पट्टीचं पातं खाली. म्हणजे जे हलकं म्हणून तुम्ही पट्टी लावली, तेच जड. मी दुसऱ्या पात्याला थोडी पट्टी लावून जुळवलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा लाल खाली. पुन्हा जुळवलं, पुन्हा तेच. आता त्या बिचाऱ्या दुसऱ्या पात्याला इतकी पट्टी झाली आहे की ते प्लॅस्टर घातल्यासारखं दिसतं.

वर उचललं की यंत्राला हीव भरतं. शेपटी इतकी हलते की डोळ्यांना दोन दिसतात. काल मी पुन्हा घाबरले आणि एक पातं मोडलं. लाकूड मोडलं, बाकी सगळं शाबूत, हे तुमचं खरं. पण दुसरी जोडी काढली तर तिचंही तसंच. मामा, एका जागी ठेवलेलं लाकूड आपोआप जड कसं होतं? आणि दोनांतलं एकच का?

तुमची,
दिपमाला


देवपूर, धुळे
२५ ऑक्टोबर २०२५

चि. दिपमालास आशीर्वाद.

दिवाळीचा फराळ बाजूला सारून विचार करतोय. मामी म्हणते, शंकरपाळीचा तराजू करून काय बघताय.

पहिला तर्क दवाचा. सोललेलं लाकूड ओल पितं, ही माझीच चूक. पण दव काही निवडानिवड करत नाही, पडलं तर दोन्हींवर पडेल. दुसरा तर्क उंदराचा. उंदीर कुरतडून हलकं करेल, जड कसं करणार? तिसरा तर्क असा की तू संध्याकाळी घाईत टांगतेस आणि तुझं जुळलेलं नसतंच. हा मला सगळ्यात जवळचा वाटतो. तुझी आई लहानपणी पाढे म्हणतानाही मधले दोन गाळायची.

लक्ष ठेव. आणि ती जोडी न पुसता, जशी असेल तशी कागदात गुंडाळून मला पाठव.

तुझा,
रतिलाल मामा


सोनखेडी
३ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस सा. न.

माझ्या घाईचा काही संबंध नव्हता. आईचाही नव्हता.

तुम्ही लक्ष ठेव म्हणालात, म्हणून मी पहाटे उठून चुलीपाशी बसून राहिले. सासूबाई ओट्यावर आल्या. इकडेतिकडे पाहिलं, कोठीवरून लाल पट्टीचं पातं उचललं, पदराआड धरून काहीतरी केलं आणि परत ठेवलं. मी जाऊन टांगलं. लाल खाली.

मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, मला जाऊ द्यायचं नसेल तर तोंडावर सांगा ना. असं चोरून माझ्या यंत्राची नासाडी कशाला करता? मी पडावं असंच वाटतं ना तुम्हाला?" आणखीही बोलले. गल्लीला ऐकू गेलं असेल, तुमच्यासारखीच ओरडले. त्यांनी ऐकून घेतलं. मग पिशवी भरली आणि म्हणाल्या, "मी जामनेरले जास." तिथे माझी नणंद असते. समाधानरावांनी त्यांना गाडीत बसवून दिलं. घरी आल्यावर ते मला म्हणाले, "आईने आयुष्यात कुणाची सुई लपवली नाही."

निवड तोंडावर आलीये. पाती पाठवते, पण आता मला त्यात काही रस उरलेला नाही.

दिपमाला


देवपूर, धुळे
८ नोव्हेंबर २०२५

चि. दिपमाला,

पाती पोचली. हे पत्र वाचून झालं की लगेच जामनेरला निघ.

तू ज्या वर्तमानपत्रात पाती गुंडाळलीस, त्यावर एका बाजूला अक्षरांच्या आरपार डाग पडलाय. लाल पट्टीच्या पात्याची बाजू. बोट लावलं, नाकाशी नेलं. शेंगदाण्याचं तेल! कुणीतरी त्या लाकडाला रोज थोडं थोडं तेल पाजलंय, अगदी हलक्या हाताने. पट्टीच्या कडेकडेने जास्त. ज्याला नासाडी करायची, तो तेल लावून पुसून ठेवत नाही. त्याने पातं टाचेखाली धरून मोडलं असतं.

मग मला माझे वडील आठवले, तुझे आजोबा. कुदळीचा किंवा वखराचा दांडा तडकला की ते चिरेवर चिंधी गच्च गुंडाळायचे आणि चीर पुढे जाऊ नये म्हणून रोज सकाळी त्याला तेल लावायचे. आपल्याकडे कुणाच्याही घरात जा, चिंधी गुंडाळलेलं लाकूड म्हणजे दुखणाईत लाकूड. ही लाल पट्टी लावली कुणी? मी. वजनासाठी. ते तुला पत्रातून कळवलं, पण त्यांना कोण सांगणार होतं?

हा माझा तर्क आहे. खरं काय ते त्याच सांगू शकतील. पण तर्क खरा असेल तर तुझ्या यंत्राची त्या घरात तुझ्याखालोखाल काळजी कुणी केली, ते तूच बघ. मी तुला घाईची म्हणालो ते उगाच नाही.

नवी जोडी पाठवतोय. हिचं आवरण काढलेलं नाही. पट्टी लावायचीच असेल तर दोन्हींना लाव, एकाला लाल, एकाला पिवळी.

तुझा,
रतिलाल मामा


सोनखेडी
२८ नोव्हेंबर २०२५

ती. रतिलाल मामांस,
सा. न.

उशीर झाला, रागावू नका. सगळं सांगते.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी जामनेर गाठलं. सासूबाई नणंदेच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी समोर बसले, चार शेंगा सोलल्या आणि विचारलं, "आई, त्या पात्याला तेल का लावत होतात?"

त्या म्हणाल्या, "त्याना एक हात मोडेल व्हता ना? चिंधी बांधेल व्हती. म्हनीसन रोज तेल लायं मी."

मग मला विचारता येत नव्हतं ते विचारलं. तेव्हा का नाही सांगितलंत? त्या शेंगांकडेच बघत म्हणाल्या, "तू इतली चिडेल व्हती. माले वाटनं, मन्हा हातथीनच काही वाकडं व्हई गयं." आणि "पडनं तं?" हे त्यांनी उन्हाळ्यात विचारलं होतं ते यंत्राबद्दल नव्हतंच. ते माझ्या अंगावर पडलं तर, असं त्यांना विचारायचं होतं. इतके महिने मी त्या दोन शब्दांवर रागावून बसले होते. मला फार लाज वाटली, मामा. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं तर म्हणाल्या, शेंगा सांडतील.

दोघी बरोबरच घरी आलो. गाडीत मी त्यांना पात्याचं सगळं समजावलं, तुम्ही मला समजावलंत तसं. त्यांनी एकच शंका काढली, की दोन्ही पात्यांना सारखं तेल लावलं असतं तर चाललं असतं का? याचं उत्तर तुम्हीच कळवा.

आता निवडीचं. परवा संस्थेचे साहेब आले. गटाच्या अध्यक्ष सुनिताताईंनी शाळेचं पटांगण झाडून घेतलं होतं, अर्धं गाव जमलं होतं. आम्ही चौघी होतो. बाकीच्या तिघींनी संस्थेचं ड्रोन थोडं थोडं उडवलं. मी म्हटलं, मी आधी माझं उडवते. उडवलं. डोक्याएवढ्या उंचीवर आणलं आणि तिथेच थांबवून धरलं. मागून कुणीतरी "पायलटीणबाई!" अशी आरोळी दिली, माझं लक्ष उडालं आणि यंत्र कलंडून जमिनीला लागलं. पातं तुटून साहेबांच्या बुटापाशी जाऊन पडलं.

सगळे हसले. माझी बोटं पुन्हा थिजायला लागली. तेवढ्यात गर्दीतून सासूबाई पुढे आल्या आणि खोक्यातली दुसरी जोडी माझ्या हातात दिली. मी मातीतच बसले. पाती टांगून बघितली, लावली, बोल्ट आवळले, पंखा हाताने फिरवून पाहिला. हे करेपर्यंत हसणं थांबलं होतं. मग परत वर नेलं, पटांगणाला चक्कर मारून साहेबांच्या समोर उतरवलं. त्यांनी कोणाला काही न विचारता कागदावर माझं नाव लिहिलं.

लिहून झाल्यावर म्हणाले, नियमाप्रमाणे उडवणारीबरोबर तिच्या घरचं एक माणूस मदतनीस म्हणून शिकायला यावं लागतं, बॅटऱ्या, औषधाची टाकी आणि देखभाल बघायला. ही अट आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. सगळ्यांनी समाधानरावांकडे पाहिलं. ते पुढे व्हायला लागले.

मी सासूबाईंकडे हात केला आणि म्हटलं, "झुंबरबाई लिहा."

पुन्हा हसू आलं लोकांना. साहेबही हसले, पण चांगल्या मनाने. त्यांनी सासूबाईंना विचारलं, "आजी, तुम्हाला यातलं काय येतं?"

सासूबाईंनी पदर नीट केला. माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे.

"माले काही येत नई, साहेब," त्या म्हणाल्या. "पन हाई घाबरनी का माले आगोदर समजस."

साहेबांनी नाव लिहिलं. सोमवारी आम्ही दोघी निघतोय.

मामींना नमस्कार.

तुमची,
दिपमाला